तारीख नसलेलं पत्रक

सातविणीला फुलं आली की आमच्या नाहूरमध्ये अर्ध्या लोकांचं डोकं दुखायला लागतं. दिवस मावळला की तो वास खाली उतरतो, गोड आणि जड, आणि खिडक्या लावल्या तरी घरात येऊन बसतो. झाडं लावणाऱ्यांनी सावलीचा विचार केला, फुलांचा केला नाही. पाऊस नुकताच गेलेला असतो. भिंती आतून ओल्या आणि बाहेरून ऊन त्यांना भाजत असतं, म्हणून रंगाचे पापुद्रे सुटून फरशीवर पडत राहतात. गाद्या गच्चीवर जातात. कपाट उघडलं की पावसाळाभर कोंडलेला डांबरगोळ्यांचा वास अंगावर येतो. गच्चीवर चतुर उडत असतात, एवढे की गाद्या उलटायला गेलेल्या बायका हाताने हवा बाजूला करत चालतात. या दिवसांना ऋतू म्हणावं असं काही त्यांच्यात नाही. पंचांगातही त्यांना धड नाव नाही. आम्ही नुसतं 'ऑक्टोबर हीट' म्हणतो आणि पंखा पाचवर करतो.

यंदा तो वास आला तेव्हा मी माळ्यावर होते. आमची इमारत आता पाडायची आहे, दिवाळीच्या आत घर रिकामं करून द्यायचं आहे. आई खाली स्टूल धरून उभी होती. जुन्या कुकरच्या आणि फुटक्या टेबल फॅनच्या मागे, अगदी कोपऱ्यात, जाड प्लास्टिकमध्ये बांधलेला गठ्ठा हाताला लागला. सुतळीची गाठ पप्पांची होती. अशी दुहेरी गाठ मारून वर तिचं टोक आत खोचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"काय सापडलं गं?" आईने विचारलं.

मी गठ्ठा तिला दिसेल असा खाली धरला.

"'झालं'वाली ना?" ती म्हणाली.

हो. 'झालं'वाली.

पप्पा पत्रकं काढायचे. नोकरी भांडुपच्या कारखान्यात, पत्रे ठोकायच्या प्रेस मशीनवर. पण त्यांना विचारलं असतं की तुम्ही काय करता, तर त्यांनी पत्रकं काढतो असंच सांगितलं असतं. पाण्यासाठी, शाळेच्या फीसाठी, विहाराच्या जागेसाठी, कारखाने बंद पडायला लागले तेव्हा त्यासाठी, आणि दर ऑगस्टमध्ये, न चुकता, अणुबॉम्बच्या विरोधात. बुलढाण्याकडच्या एका खेड्यातून आलेल्या माणसाला जपानमधल्या दोन शहरांचं काय पडलं होतं, असं त्यांना पुष्कळांनी विचारलं. ते म्हणायचे, "माझ्या आज्याला विहिरीवर येऊ देत नव्हते. तेव्हा दुसऱ्या गावातल्या कुणाला काही पडलं असतं तर बरं झालं असतं की नाही?"

मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवर. इतर घरांत पोरांना गोष्टी सांगत असतील. आमच्याकडे मसुदे वाचले जायचे. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'आंबा' आणि 'बदक' यांच्या आधी लिहिता यायला लागले. घरभर गुलाबी, पिवळे, पोपटी कागद, त्यांच्या कोऱ्या पाठीवर माझी गणितं, आईचे दुधाचे हिशेब. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायलाही तेच. बरण्या उचलल्या की खाली 'कामगारांनो, सावध राहा'.

पत्रक कसं असावं याबद्दल पप्पांचे ठाम नियम होते. मथळा हात लांब केल्यावर वाचता आला पाहिजे. घेणाऱ्याचा हात खाली जायच्या आत त्याला पहिलं वाक्य कळलं पाहिजे. दोन्ही हातांत पिशव्या असतील त्याला द्यायचं नाही, कारण तो ते तोंडात धरून नेणार नाही. तळाशी एकच ओळ: 'वाचून झालं की फेकू नका, पुढच्याला द्या.' आणि तारीख कधीच घालायची नाही. उरलेली पत्रकं पुढच्या वेळेला चालतात. अन्याय लवकर जुना होत नाही, असं ते हसून म्हणायचे. त्या हसण्यात मला लहानपणीसुद्धा काहीतरी खुपायचं.

छापण्याआधी मसुदा आईला वाचून दाखवायचा हाही नियमच. आई बालवाडीची शिक्षिका. ती कणीक मळत असायची आणि पप्पा दारात उभे राहून वाचायचे. तिने "म्हणजे काय?" म्हटलं की ते वाक्य गेलं. कधी कधी ती मुद्दाम म्हणायची, जेवायला उशीर होत असला की.

एकदा अशाच ऑक्टोबरात पप्पा आणि मी आरेत गेलो होतो. ऑगस्टमधली उरलेली पत्रकं घेऊन. पवईवरून बसने. गोठ्यांच्या बाजूने चालताना शेणाचा आणि ओल्या गवताचा वास येत होता, गवत कमरेएवढं, वरून पिवळं पडायला लागलेलं. पप्पांना धाप लागली. कारखान्यातली धूळ तोवर त्यांच्या छातीत पक्की बसली होती. ते एका मोरीच्या कठड्यावर बसले. मी पाणी दिलं. खूप वेळाने, माझं नाव घेऊन, ते म्हणाले, "मित्रा, आयुष्यभर मी दोनच शब्द छापले. निषेध आणि मागणी. एकदा 'झालं' असं छापायचंय. एकदाच. लोकांच्या हातात देऊन सांगायचंय, हे बघा, झालं."

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"मोठ्या गोष्टीबद्दल. नळाला पाणी आलं याचं पत्रक नको. ते आलं की लोकांना कळतंच."

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "पप्पा, मोठी गोष्ट कधी होत नसते. मोठ्या गोष्टीची फक्त परिषद होते."

ते हसले आणि त्यांना खोकला आला.

मग तो ऑक्टोबर आला. युरोपातल्या कुठल्याशा शहरात जगभरच्या देशांची परिषद भरली होती. माणूसजात ज्यांच्यामुळे पुसली जाऊ शकते अशा गोष्टींना सगळ्यांनी मिळून लगाम घालायचा की नाही, हा विषय. अणुबॉम्ब, प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेले रोग, आणि आता ही नवी, विचार करणारी यंत्रं. सगळ्यावर एकदम करार होणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून सुरुवातीला फक्त एक वाक्य पुढे ठेवलेलं होतं: अणुबॉम्ब डागायचा निर्णय कुठलाही देश यंत्राच्या हाती सोपवणार नाही. एवढंच. बॉम्ब राहणार होते, यंत्रं राहणार होती. फक्त शेवटचं बटण माणसाच्या बोटाखाली राहावं, इतकी ती मागणी लहान होती. नियम मात्र असा की मजकूर सगळ्यांना मान्य हवा. एकानेही विरोधात हात वर केला की मजकूर पडला.

पप्पांनी ते वाक्य पेपरमधून कापून आरशाच्या फ्रेममध्ये खोचलं. दाढी करताना ते वाचायचे. बातम्यांत सगळे म्हणत होते की हे तर होणारच, याला नाही कोण म्हणेल?

मसुदा आईसमोर आला. पप्पांनी वाचलं. आईने कणकेचा गोळा परातीत आपटला.

"म्हणजे काय? यंत्राच्या हाती नको म्हणे. आता माणसाच्या हातात आहे ते काय लई चांगलंय?"

पप्पांनी कागद खाली केला. मी टाळी वाजवणार होते. मग ते म्हणाले, "माणूस निदान घाबरतो."

आई थांबली. हाताची कणीक खरवडत म्हणाली, "मग हे लिहा की. बाकीचं कशाला?"

पत्रकात सगळ्यात चांगली ओळ ती होती. 'माणूस घाबरतो, म्हणून आपण अजून जिवंत आहोत.' वर मोठ्या अक्षरात: 'झालं! सगळं जग एका वाक्यावर एकत्र आलं.'

आणि निकालाच्या आधीच 'झालं' छापायची ही चूक फक्त पत्रकवाल्यांच्या घरातच होऊ शकते. बातमी शिळी झाल्यावर पत्रकाला कोण हात लावतो? ज्या सकाळी बातमी, त्याच सकाळी पत्रक हातात, ही पप्पांची जन्मभराची पद्धत. त्यात दिवाळी तोंडावर. प्रेसवाल्यांकडे कॅलेंडरं, फराळाच्या जाहिराती, पुढाऱ्यांची शुभेच्छापत्रं. मुलुंडचे जिग्नेशभाई, आमचे नेहमीचे छापणारे, पप्पांना म्हणाले, "साळवेभाई, आज मॅटर दिलं तर उद्या करून देतो. नंतर मशीन खाली नाय. मग डायरेक्ट भाऊबीजनंतर."

पप्पांनी मॅटर दिलं.

जिग्नेशभाईंनी मथळा वाचला, चष्मा वर केला. "झालं म्हणजे पक्का झालं ना? नायतर लोक बोलेल, जिग्नेशच्या मशीनमधून खोटं निघते."

"शेवटची बैठक राहिलीय फक्त," पप्पा म्हणाले.

"शेवटची बैठक," जिग्नेशभाई म्हणाले. "आमच्या ज्ञातीच्या हॉलची पण शेवटची बैठकच राहिलीय. माझं लगन झालं तेव्हापासून."

तरी त्यांनी छापलं. पिवळ्या कागदावर. गठ्ठा रिक्षातून आला तेव्हा कोमट होता. पप्पांनी तो मांडीवर धरला होता.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीची सभा झाली. नवरात्रीचा मांडव अजून काढला नव्हता, त्याखालीच खुर्च्या मांडल्या. इमारत धोक्याची झालीय असा अहवाल आला होता. खांबांना भेगा, सळ्या उघड्या, गंजून फुगलेल्या. पाडून नवीन बांधायला कायद्याला बहुमत पुरतं, पण आमच्याकडे पहिल्यापासून पद्धत एकमताची. सगळ्यांची सही झाल्याशिवाय काही करायचं नाही. सगळ्यांनी केली होती, परब काकांनी केली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचे परब काका. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते, काका स्वतः बँकेतून रिटायर झालेले, पण भांडायला लागले की थेट मालवणात पोचायचे. नव्या घरात त्यांना देव्हारा पूर्वेकडेच हवा होता आणि बिल्डरच्या नकाशात तिथे लिफ्ट येत होती.

पप्पा उठून बोलले. दम लागत होता, म्हणून थोडंच. "परब, देव्हाऱ्याचं बघू. पण छप्पर सगळ्यांच्या डोक्यावर आहे."

"साळवे, तुमी जगाची काळजी करा," परब काका म्हणाले. "बिल्डिंगची मी करतंय. तुमचो तो बॉम्ब खंय पोचलो, ता सांगा आधी."

सगळे हसले. पप्पाही हसले.

"स्लॅब पडल्यावर सही करणार का?" पप्पांनी विचारलं.

"आधी पडांदे तर!"

घरी येताना पप्पा जिन्यात दर मजल्याला थांबत होते. एका थांब्यावर त्यांनी मला आपला उजवा हात दाखवला, पाचही बोटं पसरून. त्यांच्या मशीनवर आधीच्या माणसाची बोटं गेली होती. त्यानंतर कंपनीने मशीनला जाळी बसवली. "कारखान्यातला एकेक नियम घे," ते म्हणाले. "प्रत्येकामागे कुणाचं तरी बोट आहे. माझी शाबूत राहिली, कारण त्याची गेली." मग बराच वेळ श्वास घेऊन म्हणाले, "हे लोक तिकडे बसलेत ना, त्यांना बोट जायच्या आधी जाळी बसवायचीय. माणसाने असं कधी केलेलं नाही. म्हणून मला बघायचंय."

हे वाक्य मी इतक्या वेळा आठवलंय की आता ते त्यांच्या आवाजात येतं की माझ्या, ते कळत नाही. कारण सगळं तिथेच अडतं. आग लागली की अग्निशमनाचे नियम येतात. पूल पडला की पुलांची तपासणी होते. साथ येऊन गेली की मास्क, खाटा, ऑक्सिजन यांची आठवण होते आणि मग तीही विझते. आपलं सगळं शहाणपण मेलेल्यांच्या मागून चालत येतं. पण जी गोष्ट सगळ्यांनाच घेऊन जाईल, तिच्या मागून कोण चालत येणार? जाळी कुणाच्या हातांसाठी बसवायची? नंतर चौकशी समिती नसेल, अहवाल नसेल, 'जाहीर निषेध' नसेल. वाटायला पत्रक नसेल आणि घ्यायला हात नसेल. इथे चुकून शिकायची सोय नाही. आणि आपण तर चुकल्याशिवाय कधी काही शिकलेलो नाही.

परिषदेचा निकाल सकाळी आला. पप्पा गॅलरीत, उन्हात बसून फोनवर वाचत होते. गठ्ठा त्यांच्या पायाशी होता, सुतळी सोडलेली. अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. नाहूर स्टेशनच्या जिन्याशी जाऊन वाटायचं ठरलं होतं. मी बूट घालत होते.

"मित्रा, बूट काढ," ते म्हणाले.

एका देशाने ऐनवेळी त्या वाक्यात 'शक्य असेल तिथे' हे शब्द घालायला सांगितले होते. दुसऱ्याने ते मान्य नाहीत म्हटलं. तिसऱ्याने म्हटलं की पहिला सही करणार नसेल तर आम्ही का करावी. बाकीचे गप्प बसले, आणि त्या गप्प बसणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना मनातून हायसं वाटलं असणार, असं मला आजही वाटतं. वेळ संपली. वाक्य पडलं. शेवटी एकमत झालं ते एवढ्यावर, की पुन्हा भेटायचं.

"पुन्हा भेटणार आहेत," पप्पा म्हणाले.

"कधी?" आईने आतून विचारलं.

"ते ठरायचंय."

मी पेटले. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता यांच्या पाठीवर छापू, 'हे कुणी पाडलं?' प्रत्येक देशाचं नाव घालू. जिग्नेशभाईंच्या हातापाया पडू. मला त्या पिवळ्या कागदांचा रागच आला होता, त्यांच्या त्या उद्गारचिन्हाचा.

"छाप," पप्पा म्हणाले. "वेगळं छाप. ह्यांच्या पाठीवर नको."

"मग ह्यांचं काय करायचं?"

"ठेवायची. झालं की हीच वाटू. तारीख कुठे घातलीय आपण?"

त्यांनी सुतळी पुन्हा बांधली. दुहेरी गाठ, टोक आत खोचलेलं. मग शर्ट काढून हँगरला लावला आणि आईला पोहे करायला सांगितले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. शेवटच्या दिवसांत बोलायला हवा पुरत नव्हती, तर ते भुवया उंचावून विचारायचे: काही आलं का? पहिल्यांदा मला वाटलं डॉक्टरच्या रिपोर्टबद्दल विचारतायत. आईला बरोबर कळायचं. ती म्हणायची, "नाही अजून." एकदा माझ्या अगदी ओठांवर आलं, हो म्हणून टाकावं. हो पप्पा, झालं, सगळ्यांनी सही केली. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. आमच्या घरातून खोटं कधी वाटलं गेलं नव्हतं.  ते 'नाही अजून' घेऊनच गेले.

परिषद पुन्हा भरली. पुन्हा मोडली. आता बातमी आतल्या पानावर येते, जाहिरातीच्या वर. दरम्यान यंत्रं हुशार झाली आहेत, इतकी की माझ्या भाचीचा निबंध तीच लिहितात आणि बाई त्याला शाबासकी देतात. बॉम्ब आहेत तिथे आहेत. मी पत्रकं काढणं सोडलेलं नाही. मुलुंडच्या मार्केटात, बोरीवलीला पुलाखाली उभी राहते. लोक घेतात, कारण न घेण्यापेक्षा घेणं सोपं असतं, आणि दहा पावलांवरच्या कचऱ्याच्या डब्यात ते अचूक पडतं. एकदा एक मुलगा म्हणाला, "दीदी, सगळेच मरणार असतील तर टेन्शन काय? एकटं मरायला वाईट वाटतं." तो मस्करी करत होता. मी पुढच्याला पत्रक दिलं. 

मांडव घालायला परवानगी लागते, ढोल किती वाजवायचा त्याला मर्यादा आहे, आमच्या टाकीची किल्ली कुणाकडे असावी यासाठी सोसायटीत ठराव झाला होता. माणूसजात संपू नये, याचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते मात्र कुणाला सांगता येत नाही. अशी खिडकीच नाही. जगात एवढी ऑफिसं आहेत, एवढे झेंडे, एवढे शिक्के, आणि या एका कामाला टेबल नाही. जे आहे त्याला अधिकार नाही, आणि ज्यांना अधिकार आहेत ते एकमेकांच्या सहीची वाट बघतायत. पूर्वी मी हे ओरडून सांगायचे. आता हळू सांगते. ओरडणाऱ्याला कुठेतरी आशा असते.

आमच्या इमारतीचं म्हणाल, तर स्लॅब पडला. परब काकांच्याच स्वयंपाकघरात, भर दुपारी. काकू बांगडे तळून नुकत्याच बाहेर ताटं मांडायला आल्या होत्या. गॅस, कढई, बांगडे, सगळं सिमेंटखाली गेलं. आम्ही धावत गेलो तेव्हा काका दारात उभे होते, डोक्यावर पांढरी धूळ, आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "ती हयसर उभी हुती. आत्ता हयसर उभी हुती." दुसऱ्याच दिवशी त्यांनी सही केली. देव्हाऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. पप्पा असते तर खूश झाले असते का, मला माहीत नाही. जाळी बसली होती. बोटं थोडक्यात वाचली होती. आम्हाला एक 'नंतर' मिळालं होतं, ज्यात सही करता आली.

तर यंदा गठ्ठा खाली आला. भाड्याचं घर लहान आहे, भांडुपला, तिथे माळा नाही. आईने सुतळी सोडली नाही, कात्रीने कापली. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने पहिला कागद उचलला, त्यात काचेचा ग्लास गुंडाळला आणि खोक्यात ठेवला. मग दुसरा.

"आई."

"मग काय करू? रद्दीत घालू?" ती म्हणाली. "निदान काच तरी वाचेल."

मी तिच्याशेजारी बसले. आम्ही दोघींनी मिळून सगळ्या कपबश्या, बरण्या, पप्पांच्या फोटोची काच, सगळं पिवळ्या कागदात गुंडाळलं. शाई अजून काळी कुळकुळीत होती. खोक्यात वरून बघितलं की सगळीकडून तेच दिसायचं: झालं, झालं, झालं. गॅलरीतून सातविणीचा वास येत होता. आईचं डोकं दुखत होतं. तिने कपाळाला बाम चोळला आणि ती पुन्हा गुंडाळायला लागली.

खोकी खाली न्यायला टेम्पोवाल्याची माणसं आली. त्या धावपळीत एखादा कागद जिन्यात उडाला असणार. मी शेवटची पिशवी घेऊन उतरत होते, तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर परब काका उभे दिसले. त्यांचंही सामान निघत होतं. त्यांच्या हातात ते पिवळं पत्रक होतं. हात लांब करून, चष्म्याशिवाय वाचत होते. पप्पांचा नियम बरोबर होता, मथळा तेवढ्या अंतरावरून नीट वाचता येत होता.

त्यांनी मान वर केली. आयुष्यभर आमची टिंगल करणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी असं काही कधी पाहिलं नव्हतं.

"झाला काय गो?" ते म्हणाले. "झाला? सगळ्यांनी सही केल्यानी?" माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. "बरा झाला. लय बरा झाला. तुझ्या बापाशीक ह्यां बघूक मिळाक होया हुता."

 मी पिशवी खाली ठेवली. एक क्षण मला वाटलं, राहू दे. हा म्हातारा माणूस घर सोडून चाललाय. त्याला जाऊ दे हे घेऊन. जगात एका तरी माणसासाठी हे झालेलं असू दे.

"नाही काका," मी म्हटलं. "जुनं आहे ते. पप्पांनी आधीच छापून ठेवलं होतं. झालं नाही."

 वरून कुणीतरी कपाट ओढत होतं, त्याचा आवाज जिनाभर घुमत होता.

"मगे ह्यां छापल्यानी कित्याक?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. आधीच का छापलं, हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.



काकांनी कागद पुन्हा हात लांब करून धरला आणि तळापर्यंत वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. मग तो नीट घडी घालून त्यांनी माझ्यापुढे केला, कारण तिथे तसंच लिहिलं होतं. मी घेतला. पुढे कुणाला द्यावा म्हणून वळून पाहिलं. जिना रिकामा होता.